तुम्ही विचारलंत म्हणून: ढोल कुठे गेला?

आमच्या बँडच्या पहिल्या गाण्यांत नाशिक ढोल होता, मग ड्रम मशीन आलं. तेव्हापासून गंगापूर रोडला चहाला थांबलं तरी तेच: ‘ढोल का सोडलात? मुंबईवाल्यांसारखं वाजायचं होतं का?’ नव्हतं. ढोलाचा कंटाळाही आला नव्हता.

मिरवणुकीत काहीच अडत नाही. उघडा रस्ता, लय चढत जाते, मजा त्यातच. अडतं दहा बाय बारा फुटांच्या खोलीत, रेकॉर्डिंग करताना. दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्‌झचा खर्जातला सूर घुमतो आणि बास गिटारची मोकळी ए तार 55ची. गाणं ए पट्टीत असलं की बास आणि ढोल मिळून नुसता गडगडाट. डी मध्ये नेलं, बास 73 वर गेला, की बराच निवळतो. त्यात श्रावणात ढोलाचं चामड्याचं पान, म्हणजे ज्यावर वाजवतात तो पडदा, ढिलं पडतं. फायबरचं पडत नाही, पण ते बादलीसारखं वाजतं.

हे सगळं निभावलं असतं. घात केला दोन माइकांनी. एक टिपरूच्या, म्हणजे वाजवायच्या काठीच्या, बाजूला, एक हाताच्या. एकेक ट्रॅक ऐका, दणदणीत. दोन्ही एकत्र लावा, ढोलाचा डबा! 80 हर्ट्‌झला इक्यूने आवाज चढवला, चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर लावला, पान ताणलं, माइक वीतभर मागे घेतला. डबा तो डबाच. कारण साधं होतं: टिपरू बसलं की ते पान आत जातं आणि पलीकडचं बाहेर येतं. एका माइकपाशी हवेचा दाब घटतो तेव्हा दुसऱ्यापाशी वाढतो, आणि बेरजेत खर्ज खर्जालाच खातो. एका ट्रॅकची फेज, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटी करायची, बस. मिक्सरवर त्याचं बटण असतं, काट मारलेल्या शून्याचं. ते दाबायचं सुचेपर्यंत सहा गाणी मशीनवर बांधून झाली होती.

म्हणजे एका बटणापायी बँडचा आवाज बदलला? म्हणा तसं. ‘पॉपमध्ये ढोल बसतच नाही’ असं तेव्हा छातीठोकपणे सांगायचो, ते अज्ञान होतं. पण मशीनने मोकळी जागा दिली, शब्द ऐकू यायला लागले, हेही खोटं नाही. आणि तुम्ही ऐकता फोनवर. त्या स्पीकरमधून 55 हर्ट्‌झ येतच नाही, येते ती टिपरूची टकटक. मग तुम्हाला आठवतो तो ढोल नेमका कुठला?

परवा जुने ट्रॅक फेज उलटून लावले. ढोल जिवंत आहे. गाणं मला त्याच्याशिवायच बरं वाटलं. आमच्यातल्या दोघांना नाही.