गॅप भरून येईल का?

“मॅडम, मणक्यात गॅप आली आहे म्हणतात, ती भरून येईल का?” नौपाड्यातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

मुळात ‘गॅप’ हा शब्दच उलटा आहे, कारण दोन मणक्यांमधली जागा वाढलेली नसून कमी झालेली असते. तिथल्या चकतीच्या (डिस्कच्या) मध्यभागी पाणी धरून ठेवणारा गर असतो आणि त्याभोवती कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरांचे कडे. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. वरखालच्या कूर्चेतून, म्हणजे लवचीक हाडासारख्या पातळ थरातून, जेवढे झिरपेल तेवढ्यावर तिच्या पेशी जगतात. वयोमानाने पाणी धरणारे अ‍ॅग्रिकनचे रेणू तुटतात, गर सुकून चिवट होतो आणि एमआरआयवर पांढरी दिसणारी चकती काळी दिसू लागते.

मात्र काळी चकती दुखरी असतेच असे नाही. कंबरदुखी नसलेल्या ३,११० जणांच्या तपासण्यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो, की विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातल्या ९६ टक्के लोकांत अशी झीज होती. दुखणे बहुधा पुढच्या टप्प्यावर सुरू होते. निरोगी चकतीत मज्जातंतू फक्त बाहेरच्या थरांत असतात. कड्याला भेगा पडल्या की त्या वाटेने ते आत शिरू शकतात, आणि जिथे पूर्वी काही जाणवत नव्हते तिथे साधे वाकणेही सलू लागते. गर बाहेर येऊन नसेच्या मुळाशी टेकला, तर दाबाबरोबर दाहही होतो व पायात कळ जाते. असा तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेते.

कळव्याच्या एक शिक्षिका आल्या, तेव्हा त्यांनी आठ महिने कंबरपट्टा सोडला नव्हता आणि नातीला उचलले नव्हते. फिल्म खिडकीशी धरली. खालच्या दोन चकत्या काळ्या होत्या. पण पायाची ताकद, संवेदना, प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) सगळे उत्तम होते. त्यांना अधिक जखडले होते ते ‘गॅप’ या शब्दाने, असे माझे मत आहे. हळूहळू पट्टा सुटला, व्यायाम वाढला, नात कडेवर आली. चकत्या आजही काळ्याच असणार.

लघवी अडणे, जांघांमध्ये बधिरपणा येणे किंवा पाऊल लुळे पडणे, यांपैकी काही झाले तर मात्र माझ्याकडे न येता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.