ॲडलेडमध्ये द्राक्षमळ्यांचे प्लॉट कसे पडले

ऑल्डाना, स्टोनीफेल, विन व्हेल, सेंट ॲग्नेस, रेनेला. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या राजधानीच्या, म्हणजे ॲडलेडच्या, नकाशावर आज ही उपनगरं आहेत. कौलारू बंगले, दोन गाड्यांची गॅरेजेस, कोपऱ्यावर शाळा. या प्रत्येक ठिकाणी एकेकाळी द्राक्षं होती. शहर वाढलं आणि मळे गेले, एवढं सांगून हा विषय बहुधा गुंडाळला जातो. पण मळ्याचे प्लॉट पाडणं इतकं सोपं का गेलं, काही तुकडे मात्र का वाचले, आणि त्या जमिनीवर घर घेणाऱ्याच्या पदरात नेमकं काय पडतं, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात मोजणीपासून करावी लागते. वसाहत १८३६ ची. शहराभोवतीची शेतजमीन सरकारने चौकोनी तुकड्यांत मोजली. एका तुकड्याला ‘सेक्शन’ म्हणत. तो साधारण ८० एकरांचा असे आणि दर एकरी एक पौंड. पुढे १८५८ मध्ये रॉबर्ट टोरेन्सच्या पुढाकाराने मालकीहक्काच्या सरकारी नोंदणीचा कायदा इथेच आला, म्हणजे मालकीचा घोळ संपला. सरळ हद्दी, एक मालक, स्वच्छ उतारा: बिल्डरला याहून काय हवं? त्यात द्राक्षासाठी निवडलेली जमीन म्हणजे माउंट लॉफ्टी डोंगररांगेचा पायथा. हलका उतार, पाण्याचा निचरा चांगला, समुद्रापर्यंत नजर जाते, शहर आठ-दहा किलोमीटरवर. वेलीला मानवणारी जागा माणसालाही मानवते.

हिशेब करून बघू. ८० एकर म्हणजे ३२ हेक्टर. वीसहून जास्त प्लॉट पाडायचे तर इथल्या कायद्याप्रमाणे साडेबारा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. रस्त्यांना आणखी वीसेक टक्के धरा. उरलेल्या जागेत ७०० चौरस मीटरचे सुमारे ३०० प्लॉट बसतात. ज्या वर्षी द्राक्षाचा भाव पडतो त्या वर्षी हा आकडा शेतकऱ्याच्या डोक्यातून जात नाही.

मॅगिल या उपनगराचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. डॉ. ख्रिस्तोफर पेनफोल्ड आणि त्यांची पत्नी मेरी १८४४ मध्ये आले आणि त्यांनी इथे ५०० एकर जमीन १२०० पौंडांना घेतली. वाइन सुरुवातीला रुग्णांसाठी टॉनिक म्हणून होती. (सेंट ॲग्नेसच्या बाजूचे अँगोव्ह हेही डॉक्टरच. या धंद्यात डॉक्टरांची गर्दी जरा जास्तच दिसते.) मळा आणि तळघर प्रत्यक्षात मेरीने सांभाळलं, १८७० मध्ये डॉक्टर गेल्यावर तर कारभार उघडपणे तिच्याच हाती आला. त्यांच्या घराचं नाव ‘ग्रेंज’. त्यावरूनच पेनफोल्ड्स कंपनीचा वाइन बनवणारा मॅक्स शूबर्ट याने १९५१ मध्ये प्रयोग म्हणून केलेल्या वाइनला नाव मिळालं. १९५७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी ती बंद करायला सांगितली, तरी शूबर्टने १९५७, ५८ आणि ५९ ची वाइन मॅगिलच्या तळघरात गुपचूप केली आणि दडवली. १९६० मध्ये बंदी उठली.

त्या पहिल्या १९५१ च्या वाइनची द्राक्षं दोन जागांहून आली होती: मॅगिल आणि दक्षिणेचं मॉर्फेट व्हेल. आज दोन्ही उपनगरं आहेत. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वाइनचा कच्चा माल ज्या मातीतून आला, तिच्यावर तीस-पस्तीस वर्षांत घरं उभी राहू लागली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅगिलचा बहुतेक मळा घरांसाठी विकला गेला आणि तळघरांभोवती फक्त ५.२४ हेक्टर शिराझ (लाल वाइनच्या द्राक्षाचा वाण) उरला. तो उरला यामागे हळवेपणापेक्षा व्यवहार जास्त होता, असं माझं मत. तळघरं, बाटलीवरचं नाव, पाहुण्यांना दाखवायची वेल, हे सगळं एका जागी असेल तरच त्या पाच हेक्टरांना घरांच्या भावाशी झुंजता येतं. शेजारच्या पॅट्रिक ऑल्डच्या (ऑल्डानाच्या) मळ्याला असा आधार नव्हता. तिथे नाव राहिलं, वेली गेल्या.

दक्षिणेला मॅरियनच्या बाजूला रिचर्ड हॅमिल्टनने वसाहतीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच वेली लावल्या. रेनेलात जॉन रेनेलची लागवडही त्याच काळातली. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकवस्ती झपाट्याने वाढली (१९४७ ते १९६६ मध्ये शहर जवळजवळ दुप्पट झालं) आणि हा सपाट पट्टा आधी भरला. आज मॅरियनला ओकलंड्स रोडवर १९०७ च्या ग्रेनाश वेलींचा छोटा तुकडा आहे, घरांच्या मधोमध. त्याची द्राक्षं पॅट्रिटी ही वाइनरी वापरते. ती स्वतः १९२६ पासून डोव्हर गार्डन्समध्ये आहे आणि तिच्याही चहूबाजूंना आता घरंच आहेत. रेनेलच्या वेलींचं नशीब वेगळं. तिथल्या कॅबर्नेच्या काड्या नेऊन इतरांनी लावल्या, आणि ‘रेनेला सिलेक्शन’ नावाने तो वाण दुसऱ्या गावांतल्या मळ्यांत वाढतो आहे.

ईशान्येकडची कथा निराळी, कारण तिथे गिऱ्हाईक सरकार होतं. १९७३ मध्ये राज्याने जमीन आयोग नेमला: शहराच्या कडेची जमीन आधीच घ्यायची आणि रास्त दरात प्लॉट द्यायचे, म्हणजे सट्टेबाजांना आळा बसेल. टी ट्री गलीच्या परिसरातले अँगोव्ह कुटुंबाचे १८८६ पासूनचे मळे सरकारने याच दशकात सक्तीने संपादित केले. विन या वाइन कंपनीच्या मळ्यांवर विन व्हेल उभं राहिलं.

मळेवाले विकायला तयार का होतात? भाव हे एक कारण, पण रोजची कटकट हे त्याहून मोठं. पहिली घरं मळ्याच्या बांधाला लागतात आणि शेजाऱ्यांना गंधकाचा धुरळा नको असतो. पक्षी हाकलायची गॅसची तोफ पहाटे वाजली की तक्रार होते. रात्री चालणारं काढणीचं यंत्र नको. वारा वस्तीकडे असेल तर फवारणी थांबते, आणि भुरीला तेवढीच संधी पुरते. कुत्री, मुलांचे बॉल, वेलीवरून घड तोडणारे लोक वेगळेच. हे सगळं एका बाजूच्या हद्दीवर निभावतं. तीन बाजूंना घरं आली की चौथ्या बाजूचं गिऱ्हाईक आपोआप सापडतं.

आता जमिनीखालचं. ॲडलेडच्या मैदानी भागात आणि पायथ्याला अनेक ठिकाणी चिकणमाती आहे. ती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते. तिथल्या घरांच्या भिंतींना जाणाऱ्या चिरा देशभर प्रसिद्ध आहेत. वेलीची मुळं वर्षानुवर्षं या मातीतलं पाणी ओढत असतात. वेली उपटल्या की ओढणारं कोणी राहत नाही, माती हळूहळू ओलावते आणि वर येते. उपटल्याबरोबर काँक्रीटची रॅफ्ट (घराखालचा सलग पाया) ओतली तर कडा आणि मध्यभाग सारखे उचलले जात नाहीत, आणि दारं अडकायला लागतात. म्हणून निदान एक पावसाळा (इथे तो हिवाळ्यात असतो) जाऊ द्यावा, आणि मातीची तपासणी त्यानंतर करावी. ऑस्ट्रेलियन मानक २८७० मध्ये जमिनीचे वर्ग पृष्ठभाग किती वरखाली होईल त्यावर ठरतात: २० ते ४० मिलिमीटर हालचाल म्हणजे ‘एम’, ४० ते ६० ‘एच१’, ६० ते ७५ ‘एच२’, त्यावर ‘ई’. पाया यावरून ठरतो. उतारावरच्या मळ्यात पायऱ्या सपाट करताना भर टाकलेली असते. ती दाबून बसवल्याचा दाखला नसेल तर जागा ‘पी’ (अडचणीची जागा) वर्गात जाऊ शकते आणि पायाचा खर्च चढतो. तपासणीचा एक बोअर भरावात आणि एक मूळ जमिनीत घ्यायला सांगावं. दोन्ही बोअर एकाच बाजूला घेतले तर अहवाल दिसायला छान येतो, पण उपयोगाचा नसतो.

दुसरी गोष्ट फवारणीची. ऑस्ट्रेलियात केवडा रोग १९१७ मध्ये दिसला आणि मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण गरजेचं झालं. एक टक्क्याच्या मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा. हेक्टरी १००० लिटर फवारलं तर एका फवारणीला अडीच किलो तांबं जमिनीकडे जातं, आणि ते धुऊन जात नाही, वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्ये बसतं. वर्षाला चार फवारण्या, चाळीस वर्षं धरली तर ४०० किलो. १५ सेंटिमीटर जाडीच्या थरात हेक्टरी सुमारे १९५० टन माती असते, म्हणजे किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास भर. ॲडलेड कोरडं असल्याने प्रत्यक्षात फवारण्या कमी होत, तेव्हा हा आकडा वरची बाजू समजावा. माणसाच्या दृष्टीने हे चिंतेचं नाही. राष्ट्रीय नियमांत राहत्या घरांसाठी तांब्याची तपास-मर्यादा किलोला ६००० मिलिग्रॅम आहे. गांडुळं आणि कोवळी रोपं मात्र त्याच्या कितीतरी आधी कुरकुरतात. पानं पिवळी पडतात आणि माळी नत्र टाकत बसतो. माती आम्ल असेल तर चुना टाकून सामू (पीएच) साडेसहाच्या वर न्यावा आणि कंपोस्ट मुबलक घालावं, तांबं बांधलं जातं.

खरी काळजी शिसं आणि अर्सेनिक यांची. जुन्या काळी अळीसाठी लेड अर्सेनेट वापरलं जाई. घरांसाठी मर्यादा अर्सेनिकला १०० आणि शिशाला ३०० मिलिग्रॅम प्रतिकिलो. त्या ओलांडल्या म्हणजे विष झालं असं नाही, पुढची तपासणी करायची असा अर्थ. सगळ्या प्लॉटभर सरासरी नमुना घेणं ही नेहमीची चूक. औषध कालवायची शेड, पंप धुवायची जागा, जुनी टाकी, तिथेच ढीग सापडतो आणि सरासरीत तो बुडून जातो. जुन्या शेडच्या जागी वेगळे नमुने घ्यावेत. निकाल सीमेवर असेल तर भाजी ३० सेंटिमीटर उंच वाफ्यात, बाहेरून आणलेल्या मातीत लावावी.

आणि खांब. मळा मोडताना तारा ओढून घेतात, खांब मात्र जमिनीलगत कापतात आणि बुंधे आतच राहतात. त्यांना वाळवी लागते आणि तिथून घराकडे सरकते. तांबं, क्रोमियम आणि अर्सेनिक मुरवलेल्या पाइनचे हिरवट खांब वाळवी खात नाही, पण ते जाळायचे नसतात. अर्सेनिक राखेत उतरतं, ती राख झाडांना घालणं तर त्याहून वाईट. शेकोटीला फुकटचं लाकूड म्हणून हेच खांब सगळ्यांत आधी जातात.

आपल्या प्लॉटवर मळा होता का, हे शोधायचं तर उपनगराच्या नावापासून सुरुवात करू नका, नावं बदलतात. जुन्या कागदांत मॅगिलच्या स्पेलिंगमध्येही ‘के’ जास्तीचा असतो. ‘हंड्रेड’ (जुन्या मोजणीतला मोठा विभाग) आणि सेक्शन क्रमांक शोधा. आजच्या टायटलवरून (मालकीहक्काच्या दाखल्यावरून) मागच्या टायटलचा खंड आणि पानाचा क्रमांक मिळतो, तसं एकेक मागे जायचं. राज्याच्या ‘सायलिस’ या ऑनलाइन नोंदींत हे शुल्क भरून पाहता येतं. मग १९४९ ची हवाई छायाचित्रं. त्यांत मळा बारीक, अगदी जवळजवळच्या रेघांसारखा दिसतो आणि बदामाची बाग सुट्या ठिपक्यांची. आधार न देता झुडपासारख्या वाढवलेल्या जुन्या वेलींचेही ठिपकेच दिसतात, तिथे फसायला होतं. ठिपक्यांमधलं अंतर मोजा. १० फूट बाय १० फुटांवर लावलेल्या वेली एकरी ४३५ बसतात, बदाम त्याहून बराच विरळ असतो. शेवटी राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर जुन्या वर्तमानपत्रांतल्या लिलावाच्या जाहिराती. त्यात सेक्शन क्रमांक, वेलींचे वाण, तळघराच्या टाक्या सगळं छापलेलं असतं.

शहराच्या आत आता वाचवण्यासारखं फार उरलेलं नाही. बाहेरच्या बाजूला २०१२ मध्ये बरोसा आणि मॅक्लारेन व्हेल यांच्यासाठी दोन स्वतंत्र कायदे झाले, आणि तिथे गावठाणांच्या हद्दीबाहेर घरांसाठी तुकडे पाडणं थांबलं. मॅक्लारेन व्हेलच्या उत्तरेला मॉर्फेट व्हेल आणि रेनेला घरांनी भरल्यावर हा कायदा आला, यात योगायोग नाही.

परसात जुनी वेल निघालीच तर ती उपटण्याआधी हिवाळ्यात छाटणीच्या वेळी पेन्सिलीच्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या घ्या. फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड या राज्यात कधी शिरली नाही, १८९९ पासून त्यासाठी कायदा आहे, त्यामुळे ही वेल बहुधा स्वतःच्याच मुळांवर असते. काडी थेट मातीत लावली तरी तोच वाण येतो, कलमाची गरज नाही. दुसऱ्या राज्यातून मात्र काडी, रोप किंवा मळ्यातली माती आणू नका. अटी पूर्ण केल्याशिवाय त्यावर बंदी आहे.