मुखवट्याखालचं तोंड

जेवण झालं की ‘पाचच मिनिटं’ म्हणत फोन घेऊन आडवं व्हायचं आणि चहालाच उठायचं. परवा दुपारी असाच लोळत असताना एक चित्र समोर आलं. पांढरे ढगळ कपडे, डोक्यावर उंच टोपी, पाठीला पोक आणि पोपटाच्या चोचीसारख्या नाकाचा काळा मुखवटा. असा एक नाही, घोळकाच. सगळे सारखे.

हा पुल्चिनेल्ला, मूळचा नेपल्सचा. इटलीतल्या जुन्या फिरत्या विनोदी नाटकांमधला खादाड, आळशी पण वस्ताद इसम. त्या नाटकांचं कथानक तेवढं ठरलेलं, बोलणं ऐन वेळचं. कंजूष म्हातारा पंतालोने, बडबड्या पंडित दोत्तोरे, नोकर आर्लेक्किनो, सगळ्यांचे मुखवटे चामड्याचे आणि अर्धेच. तोंड मोकळं. बोलायला, आणि पुल्चिनेल्लाच्या बाबतीत मुख्यतः खायला.

मुखवटा उतरवलेला माणूस मला बघवत नाही. शिमग्यात आजोळच्या अंगणात खेळे यायचे, त्यात संकासुर असायचा. काळे कपडे, टोकदार टोपी, लोंबती दाढी, कमरेला घुंगरं. मी आजीच्या पदराआड. एका वर्षी तो पडवीच्या कडेला टेकला, मुखवटा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, “काकी, वाईच पाणी द्या.” खाली आमचे नारळ पाडणारे तात्या! घामाने निथळलेले, दमलेले. संकासुराला घाबरून कधी रडलो नव्हतो इतका मी तेव्हा रडलो. आजही नाटक संपल्यावर कुणी “चल, आत भेटून येऊ” म्हणालं की मी पार्किंगचं निमित्त काढतो.

म्हणूनच फ्रेंच चित्रकार वातोचा पिएरो मला सोसत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं १७१८-१९ च्या सुमाराचं ते चित्र जवळजवळ माणसाच्या उंचीचं आहे. त्याच इटालियन नाटकांतला पांढऱ्या कपड्यातला विदूषक, हात दोन्ही बाजूंना नुसते सोडलेले, चेहरा उघडा. काही करतच नाही तो. राजाच्या बायकोची टिंगल केली म्हणे, म्हणून चौदाव्या लुईने १६९७ मध्ये या इटालियन नाटकमंडळींना पॅरिसमधून हाकललं होतं. लुई गेल्यावर, १७१६ मध्ये, ती परत आली. पिएरोकडे बघून मात्र वाटतं, याला परत आल्याचं कुणी सांगितलेलंच नाही.

त्यापेक्षा माझा घोळका बरा. तो व्हेनिसच्या जानदोमेनिको त्येपोलोने काढलेला. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं जुनं प्रजासत्ताक मोडलं, तेव्हा हा चित्रकार सत्तरीचा होता. त्या उतारवयात त्याने पुल्चिनेल्लाच्या आयुष्याची १०४ चित्रं काढली आणि वर लिहिलं, ‘मुलांच्या करमणुकीसाठी’. टर्कीच्या अंड्यातून पुल्चिनेल्ला बाहेर येतो, शाळेत बसतो, लग्न करतो. नाक कायम जागेवर. पाणी पितानासुद्धा मुखवटा वर सरकवायची गरज नाही, कारण तोच त्याचा चेहरा.

मी खूश होऊन पुढची चित्रं सरकवत राहिलो. तर एकात त्याला फाशी. दुसऱ्यात बंदुकीच्या गोळ्या. मग थडगं, आणि त्यापाशी उभा सांगाडा.

मुलांच्या करमणुकीसाठी! मे महिन्यात भाचरं येणार आहेत. त्यांना अंडं दाखवीन, शाळा दाखवीन, लग्नही दाखवीन. पुढचं त्यांच्या आईला विचारून.