तुम्ही विचारलंत म्हणून : हिवाळ्याच्या तोंडावर शिखरावर कुत्री कशाला?

"थंडी पडायला लागली की शहाणी माणसे घरात बसतात. तुम्ही मित्रमंडळी गोळा करून डोंगर चढता, हेही एक वेळ समजू शकते. पण त्या मुक्या जनावरांना कशाला फरफटत नेता?" उंचावर पहिले हिम पडू लागले की या आशयाचा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्यांत कुत्र्यांवर जीव असलेली माणसेच अधिक असतात, त्यामुळे तो हसण्यावारी नेणे मला कधी योग्य वाटलेले नाही. माझे उत्तर थोडक्यात असे की, चढाईसाठी कुत्र्याला उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्याची सुरुवात अधिक मानवते, फक्त या दिवसांतले धोके निराळे असतात. आणि आमच्या गटापुरते बोलायचे, तर कुत्री बरोबर असल्यामुळेच आम्ही शिखराच्या हट्टापायी नको तिथवर जात नाही. या दुसऱ्या मुद्द्यावर ऐकणाऱ्याचा सहसा विश्वास बसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थंडीविषयी. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे अधिकच. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंज्यांच्या गाद्यांतून येतो तोही नाममात्र. त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याची मुख्य भिस्त धापा टाकण्यावर असते. चढावर स्नायू सतत राबत असतात आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता उन्हाळ्याच्या दिवसांत धापांनी भागण्यापलीकडे जाते. उष्माघाताने डोंगरात दगावणारे कुत्रे बहुधा धडधाकट, उत्साही आणि धन्याच्या मागे जीव तोडून धावणारे असते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. हवा शून्याच्या आसपास असताना, अंग कोरडे असताना आणि पाय चालते असताना दाट केसांच्या निरोगी कुत्र्याला चढाची भीती जवळपास नसते. आमचा मोत्या या दिवसांत जितका खुशीत चालतो, तितका तो वर्षात इतर कधीच चालत नाही. त्याची जीभ उन्हाळ्यात पायथ्यालाच लोंबू लागते; हिवाळ्याच्या तोंडावर ती निम्म्या चढापर्यंत तोंडात असते.

चिंगीची गोष्ट वेगळी आहे. ती आखूड केसांची, सडपातळ आणि पोटाकडे जवळपास उघडी. मोत्याला जी हवा मानवते, तीच हवा चिंगीला थांबल्यापासून काही मिनिटांत बोचू लागते. कुत्र्यांना थंडी सोसते का, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कोणत्या कुत्र्याला, किती वेळ, ओल्या अंगाने की कोरड्या, चालताना की बसल्यावर, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चिंगीला पोट झाकणारे जाकीट चढताना घालत नाही, थांबण्याच्या आधी घालतो. एकदा कुडकुडायला लागल्यावर जाकीट चढवणे म्हणजे गेलेली ऊब आत कोंडण्याचा प्रयत्न करणे होय.

आता त्या निराळ्या धोक्यांकडे येते, कारण खरी मेख तिथेच आहे. भर हिवाळ्यात हिमाचा थर जाड आणि दाबला गेलेला असतो, पाऊल कुठे पडेल याचा अंदाज येतो. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारावर, जेमतेम वीतभर भुसभुशीत हिम असते. ते दगडांमधल्या फटी झाकते, पण भरत नाही. माणसाचा जाड तळव्याचा बूट दोन दगडांवर टेकून राहतो. कुत्र्याचा बारीक पाय सरळ फटीत जातो आणि अंग पुढच्या उडीच्या वेगात असते. अशा जागी आम्ही कुत्र्यांना मोकळे सोडत नाही, मागे घेतो आणि आपल्या पावलावर पाऊल टाकून चालायला लावतो. दुपारी वितळून वाहिलेले पाणी रात्री कातळावर गोठते आणि त्याचा पारदर्शक पापुद्रा सकाळी ओला दगड म्हणून फसवतो. वाटेवरची तळी कडेला गोठलेली आणि मध्ये कच्ची असतात. पृष्ठभाग पांढरा दिसला म्हणजे बर्फ पक्का, असे माणूस मानत नाही, कुत्रे मानते. तळे दिसण्याआधी दोर हातात असला पाहिजे, दिसल्यावर नव्हे.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना अजिबात दिसत नाही. हिमाचा थर पातळ असला की खाली जमिनीची ऊब आणि वर रात्रीची कडाक्याची थंडी यांच्यातले अंतर फार कमी उरते. तापमानाचा फरक इतक्या थोड्या जाडीत सामावला की खालचे हिमकण बदलतात आणि जाड्या साखरेसारखे मोकळे, एकमेकांना न चिकटणारे होतात. पुढे त्यावर नवे हिम साचले की हाच कच्चा थर हिमस्खलनाचे निमित्त ठरतो. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुरू होतात, म्हणून अशा उताराखालून जाताना वरच्या अंगाला कुत्रे बागडत असणे हा आमच्याकडे चेष्टेचा विषय नाही. हिमाच्छादित धारेवर वाऱ्याने बाहेर झुकवलेला छज्जा तयार झालेला असतो. त्याच्या टोकाखाली जमीन नाही हे कुत्र्याला कळण्याचा काही मार्ग नाही. धारेवर दोर लावलेलाच असतो, तोही गळपट्ट्याला नव्हे, तर छातीपट्ट्याला, म्हणजे पाय सटकलाच तर मानेला हिसका बसत नाही.

पंज्यांविषयी लोक सर्वांत जास्त काळजी करतात आणि तिथेच निसर्गाने सर्वांत जास्त तजवीज केली आहे. २०११ मध्ये जपानमधील संशोधकांनी कुत्र्याच्या पंज्यातील रक्तवाहिन्यांची रचना दाखवून दिली : उबदार रक्त नेणारी धमनी आणि गार रक्त परत आणणाऱ्या शिरा एकमेकींना इतक्या लगटून असतात की धमनीतली ऊब परतणाऱ्या रक्ताला वाटेतच मिळते. पंजा बर्फावर असूनही गारठलेले रक्त थेट शरीरात शिरत नाही ते यामुळे. आम्हाला त्रास होतो तो थंडीचा नाही, गोळ्यांचा. ओलसर हिम बोटांमधल्या केसांना चिकटते, दर पावलाला दाबले जाते आणि त्याचा वाटाण्याएवढा, मग सुपारीएवढा टणक गोळा होतो. बोटे फाकतात, कातडी ताणते. कुत्रे आधी पाय झटकते, मग एका पायावर लंगडते, शेवटी वाटेत बसून पंजा चावू लागते. अशा वेळी गोळा ओढून काढायचा नसतो, कारण त्याबरोबर केस उपटले जातात. हातमोजा काढून पंजा तळहातात घ्यावा, गोळ्याभोवती बोटे मिटावीत आणि तो कडेने सुटेपर्यंत धरून ठेवावा. तेवढ्यात आपली बोटे बधिर होतात, मोत्या कान मागे पाडून भलतीकडेच बघत राहतो, आणि शेवटी अंगठ्याने हळूच ढकलले की गोळा केसांसकट नव्हे, केसांवरून घसरत येतो. निघण्याआधी बोटांमधले केस कातरले आणि थोडे पेट्रोलियम जेली चोळले, तर हे प्रकार बरेच कमी होतात. कापडी बूट उत्तम, पण ते घरात सवय करून घेतलेल्या कुत्र्यासाठी. शिखराच्या वाटेवर पहिल्यांदा घातलेले बूट पहिल्याच चढावर हरवतात.

वारा हा मात्र खरा शत्रू. उंची १,००० मीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि शिखरावर आडोसा नसतो. उणे ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर माणसाच्या उघड्या चेहऱ्याला ते उणे १३ अंशांसारखे लागते. हा हिशेब माणसाच्या कातडीसाठी मांडलेला आहे, केसाळ जनावराला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण केस भिजलेले असतील किंवा वाऱ्याने विस्कटून कातडी उघडी पडत असेल, तर केसांच्या उबेवर विसंबून राहता येत नाही. म्हणून आमचा शिखरावरचा मुक्काम अगदी थोडका असतो. फोटो काढणाऱ्या मित्रांची यावर नेहमी कुरकुर असते. विसावा आम्ही उतरल्यावर, वाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला, खाली जाड चटई टाकून घेतो, आणि कुत्र्यांना कोमट पाणी देतो. थंडीत तहान कळत नाही हे माणसाइतकेच कुत्र्यालाही लागू आहे, आणि हिम खाऊन ती भागत नाही. उलट ते वितळवायला अंगचीच ऊब खर्ची पडते.

दिवस लहान असतो, हे सर्वांना माहीत असते. सर्वांत लहान दिवस उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. परंतु सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. म्हणजे हिवाळा अजून लागायचा आहे असे आपण म्हणत असतो, तेव्हाच्या संध्याकाळी खरे तर सर्वांत आखूड असतात. परतीची वेळ आम्ही निघण्याआधी ठरवतो आणि ती शिखर गाठण्यावर अवलंबून नसते.

इथेच मी सुरुवातीला केलेल्या दाव्याकडे येते. चढताना दमलेला मित्र, दमलो आहे, असे क्वचितच सांगतो. बाकीच्यांना खोळंबा नको म्हणून तो "चला, मी ठीक आहे" म्हणतो आणि सगळे ते खरे मानतात, कारण ते मानणे सोयीचे असते. कुत्रे तर त्याहून वाईट. ते तक्रार करत नाही, आपण जाऊ तिथे येते आणि शेवटपर्यंत शेपूट हलवते. त्याच्या मताला विचारून घेता येत नाही, म्हणून त्याच्याकडे पाहत राहावे लागते : मागचे पाय थरथरतात का, बसल्यावर अंग गोळा करून एक पंजा वर धरते का, हाक मारल्यावर यायला उशीर लावते का, आणि कुडकुडणे थांबले ते ऊब आली म्हणून की त्राण संपले म्हणून. ही शेवटची खूण सर्वांत गंभीर. एका जिवाकडे असे बारकाईने पाहण्याची सवय लागली की नजर आपोआप शेजारच्या मित्राच्या ओठांकडे आणि अडखळणाऱ्या पावलांकडेही जाते. आमचा नियम असा की, कुत्र्याच्या नावाने कोणीही "परत" म्हटले की सगळे परततात. त्यावर चर्चा होत नाही, शिखर कितीही जवळ असो. गंमत अशी की, स्वतःसाठी परत फिरा म्हणायला संकोचणारी माणसे चिंगीसाठी ते सहज म्हणतात. कधी कधी चिंगी ठणठणीत असते आणि म्हणणाराच गळालेला असतो, हे आम्हा सर्वांना कळते, आणि कोणी काही बोलत नाही.

यावर मला हटकून दोन उदाहरणे ऐकवली जातात. चिंगेल नावाच्या कुत्रीने १८७५ मध्ये माँ ब्लाँ सर केले, ती डब्ल्यू. ए. बी. कूलिज या गिर्यारोहकाबरोबर आल्प्समध्ये वर्षानुवर्षे हिंडली. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये नेपाळात मेरा नाव पडलेली एक भटकी कुत्री एका मोहिमेच्या मागे मागे जात ७,१२९ मीटर उंचीच्या बारुंत्से शिखरावर पोहोचली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्या आवडतात. परंतु मेरा त्या उंचीवरच्या हवेला सरावलेली होती आणि स्वतःच्या मर्जीने आली होती. चिंगेलचा पहिला धनी ख्रिश्चन आल्मर हा त्या काळातला नामवंत वाटाड्या होता आणि कूलिजबरोबरही तोच चाले. घरातल्या गादीवर झोपणाऱ्या कुत्र्याबद्दल यातून काही सिद्ध होत नाही. वाढीचे वय पुरे न झालेली पिल्ले, म्हणजे जातीनुसार वर्ष-दीड वर्षापर्यंतची, म्हातारी आणि सांधे धरलेली कुत्री, तसेच चपट्या नाकाची, ज्यांना मुळातच श्वास पुरत नाही अशी कुत्री आम्ही नेत नाही, त्यांच्या धन्यांनी कितीही आग्रह केला तरी.

उतरणीबद्दल एक सांगायचे राहिले. उभ्या कुत्र्याचे साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते आणि उतारावर ते आणखी पुढे सरकते. सगळा मार खांद्यांना आणि मनगटांना बसतो. वरून दोर ताणून धरला तर कुत्रे तोल जाऊन पडते, सैल सोडला तर माणसाच्या पायात येते, आणि माणसाने कमरेला बांधला तर घसरताना दोघेही जातात. तीव्र उतारावर दोर धरणारा माणूस गटातला सर्वांत स्थिर पायांचा असतो, धनी असेलच असे नाही. शिवाय जखमी कुत्र्याला उचलून आणायची झोळी पाठीवर असते. पंचवीस किलोचे कुत्रे अवघड वाटेने खाली आणायला आळीपाळीने खांदा देणारे निदान तिघे-चौघे लागतात. मित्रांशिवाय आम्ही कुत्री नेत नाही, त्याचे हेही एक कारण.

हे सगळे ऐकल्यावर काही जण विचारतात की, आम्ही आमचे कुत्रे घेऊन येऊ का. या, पण आधी एखाद्या बुटक्या टेकडीवर. तिथे एखादे रानातले जनावर समोरून उधळले की तुमचे कुत्रे एका हाकेत मागे फिरते का, एवढेच आम्ही पाहतो. थंडीत चारा दुर्मिळ झालेल्या जनावराला जीव मुठीत धरून पळायला लावणे म्हणजे त्याची राखीव चरबी उधळणे, आणि पाठलागाच्या भरात कुत्रे कड्यावरून जाणे हेही नवीन नाही. हाकेला मागे फिरले तर पुढच्या वेळी शिखराच्या वाटेला बरोबर घेऊ. न फिरले तर तुम्ही एकटे या, कुत्र्याला सवय होईपर्यंत आमच्या मोत्या-चिंगीपैकी एकाचा दोर धरायला माणूस हवाच असतो.