मोजे अजून सुटले नाहीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पायाची सूज आवरायला मी घालते ते घट्ट, पाय दाबून धरणारे मोजे नाही सुटले. "लेझर करून एकदाची मोकळी का होत नाहीस?" याचंही उत्तर देते, फक्त या वेळी मध्येच तोडू नका.

लेझरने बंद करतात ती कातडीजवळची शीर. माझ्या डाव्या पायातली रक्ताची गुठळी झाली होती खोलच्या शिरेत. ती विरघळली, पण जाताना झडपा निकामी करून गेली. रक्त वर चढू द्यायचं आणि खाली उतरू द्यायचं नाही, एवढंच या झडपांचं काम. त्या नीट मिटेनाशा झाल्या की उभं राहिलं रे राहिलं, रक्त परत घोट्याकडे येतं. पायातलं बहुतेक रक्त खोलच्या शिरेतूनच वर जातं; ती बंद करून कसं चालेल? त्यात माझं काम कापड बेतण्याचं, दिवसभर टेबलाशी उभं राहून. चालताना पोटरीचे स्नायू शिरा दाबून रक्त वर ढकलतात. टेबलाशी उभ्या बाईच्या पोटरीला काही कामच नसतं.

मोज्यांनी झडपा दुरुस्त होतात असं मी कधीच म्हटलेलं नाही, तरी तुम्ही ते माझ्या तोंडी घालता. माझ्या मोज्याचा दाब घोट्याशी 20 ते 30 मिलिमीटर पारा (ब्लडप्रेशर मोजतात तेच माप), आणि गुडघ्याकडे जाताना तो कमी कमी होत जातो. घातलाय तोवर सूज आवरते. काढला, त्याचं काम संपलं. असे मोजे पहिल्यांदा बेतले ते कॉनराड जॉब्स्टने, 1950 च्या सुमारास. तो इंजिनिअर होता आणि स्वतःच्या पायाच्या शिरांनी हैराण झालेला. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना बरं वाटतं, हे त्याला जाणवलं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे सगळ्यात जास्त घोट्याशी. मला हा माणूस आवडतो. स्वतःचं माप स्वतः घेतलं त्याने.

आता ती न्हाणीघरातली गोष्ट. ती तुम्ही कुणाकुणाकडून ऐकली आहे आणि प्रत्येकाने तिचं तात्पर्य वेगळं काढलं आहे.

गरम पाण्याने अंघोळ चालली होती. घोट्याच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी तपकिरी पडून पातळ झाली होती, तिथे एक निळा फुगवटा होता. साबण फिरवताना तो फुटला. दुखलं नाही, जराही नाही. पाणी लाल का दिसतंय म्हणून खाली पाहिलं, तर पायातून एक बारीक धार निघून समोरच्या फरशीवर पडत होती. मी भिंतीला धरून उभीच राहिले. नवऱ्याने कसंबसं बाहेर आणून खुर्चीवर बसवलं, पाय खाली सोडलेला. घोट्यावर एक टॉवेल, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. सगळे भिजले. इतक्या टॉवेलांखाली रक्त नेमकं कुठून येतंय तेच कुणाला दिसेना. फोनवर डॉक्टर ओरडल्या, "आधी आडवं करा त्यांना! पाय वर!" मुलाने माझी टाच आपल्या खांद्यावर घेतली, टॉवेल बाजूला केले आणि नुसत्या बोटाने ती जागा दाबून धरली. थांबलं.

थरथर उतरल्यावर मला काय सुचावं? हिशोब. उभ्या माणसाच्या घोट्यातल्या शिरेवर थेट हृदयापर्यंतच्या उंचीएवढा रक्ताचा भार असतो, साधारण 80 ते 90 मिलिमीटर पारा. आडवं होऊन पाय हृदयाच्या वर नेला की त्यातलं जवळजवळ काही उरत नाही. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. त्या दिवशी ते आकडे फरशीवर पडलेले पाहिले. ती वरची शीर नंतर इंजेक्शन देऊन बंद केली; खोलची आहे तशीच आहे.

नणंद म्हणते, मोजे घातले असते तर हे झालं नसतं. वन्सं, मोजे घालून कुणी अंघोळ करतं का? मात्र त्याआधी बरेच दिवस मोजे कपाटात पडून होते, हेही खरं. त्याने कातडी आणखी नाजूक झाली का? झाली असेल. नसेलही.

आणि ते कपाटात टाकणारी मी काही अडाणी नव्हते. तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, मोजा टाचेवरून चढवताना बोटांची सालं निघतात, घामाने खाज सुटते, आणि कशासाठी? 2014 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला: गुठळी झालेले 806 रुग्ण, काहींना खरे मोजे, बाकीच्यांना दिसायला तसेच पण दाब नसलेले. दोन वर्षांत गुठळीमागून येणारा पायाचा त्रास दोन्हीकडे जवळपास सारखा, 14.2 आणि 12.7 टक्के. मी म्हणते, बाई, तो अभ्यास त्रास टळतो का याचा होता, आधीच सुजलेल्या पायाचा नव्हता. शिवाय शेवटी शेवटी आठवड्यातून तीन दिवस तरी मोजे घालणारे निम्म्याहून थोडेच जास्त उरले होते. ती म्हणते, म्हणजे तेही माझ्यासारखेच कंटाळले ना? यावर मला बोलता येत नाही. मी मोजे घालते आणि कामाला लागते.

घालते तेही पलंगावरून पाय खाली सोडायच्या आत, हातात रबरी मोजे चढवून. टाचेपर्यंत उलटा करायचा, टाच बसवायची, मग सुरकुती न ठेवता वर न्यायचा. वरची कड दुमडायची नाही. दुमडली की तिथेच पाय आवळला जातो.

आणि सासूबाईंसाठी माझी जुनी जोडी मागू नका. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या चोंदलेल्या असतील तर हाच दाब पायाचा घात करतो. घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर ताडून पाहिल्यावरच कळतं. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला तर मोजा रुततोय हेही समजत नाही. शिवाय रोज वापरून सहाएक महिन्यांत इलॅस्टिक मरतं. त्यांना डॉक्टरांकडे न्या, आणि माप सकाळी घ्यायला लावा, सूज चढायच्या आत.