जुळ्यांची अंघोळ
बाळांचा छोटा टब आता दोघांनाही पुरेना. म्हणून आज मोठ्या टबात अंघोळ, पण एकेकाचीच. दोघं छान बसायला लागली असली तरी साबण लागलेलं बाळ हातातून सुळकन निसटतं. तळाशी रबरी मॅट, पाणी जेमतेम ५ सेंटीमीटर, साधारण ३७ अंश, कोपर बुडवून पाहिलेलं. टॉवेल, कपडे, डायपर आधीच हाताशी. धाकटी तोवर दारातच, पट्टा लावलेल्या खुर्चीत, माझ्या नजरेसमोर. मध्येच फोन वाजला, वाजू दिला. बाळ बुडायला इंचभर पाणीही पुरतं, आणि आवाजसुद्धा होत नाही. टबातल्या सीटच्या भरवशावर तर हात सोडायचाच नाही! थोरल्याने पाण्यावर थापट्या मारून मला चिंब केलं, धाकटी खिदळत राहिली. उद्या आधी तिचा नंबर.