येळवशीची भज्जी: सोललेलं, चिरलेलं आणि हातचं

यंदाच्या येळवशीला, १९ डिसेंबर २०२५ ला, रानात ८४ माणसं जेवली आणि पातेल्यात दोन वाट्या भज्जी उरली. वेळही गाठली, चवही गाठली. तीन येळवशींत हे पहिल्यांदाच जमलं, म्हणून वहीतल्या नोंदी नीट लिहून काढतोय. शंभरेक माणसांचा स्वयंपाक हौसेनं करणाऱ्यांना उपयोग होईल.

लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडं. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. त्या दिवशी आम्ही रानात कडब्याची कोपी (खोपट) करून पूजा करतो आणि ओळखीच्या सगळ्यांना जेवायला बोलावतो. आंबील, उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), भाकरी आणि भज्जी. ही तळलेली भजी नव्हे. तूर, वाटाणा, वाल, हरभरा यांचे ओले दाणे, भिजवलेले शेंगदाणे, गाजर, वांगी, मेथी, पालक, कांद्याची पात हे सगळं शिजवून त्यात चिंचेच्या कोळात कालवलेलं बेसन सोडायचं आणि रटरटू द्यायचं. म्हणजे चुलीपेक्षा जास्त काम सोलण्या-चिरण्याचंच.

८० माणसांना माझं प्रमाण असं बसलंय: तुरीचे दाणे ३ किलो, वाटाणा २, वाल आणि हरभरा दीड-दीड, शेंगदाणे १ किलो, गाजर आणि वांगी ३-३ किलो, मेथीच्या १२ जुड्या, पालकाच्या ६, बेसन दीड किलो.

पहिली नोंद ११ जानेवारी २०२४ ची. (आधीच्या वर्षी अधिक श्रावण आल्यानं येळवस जानेवारीत गेली होती, आणि मग त्याच २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा आली.) तेव्हा सगळं हातचं. तुरीच्या साडेसात किलो शेंगांतून ३ किलो दाणे निघाले, वाटाण्याच्या जवळजवळ ५ किलोंतून २. हरभऱ्यानं मात्र रडवलं, घाट्यात एक नाहीतर दोनच दाणे. रात्री आठला बसलेली आम्ही सात माणसं बाराला उठलो. भाज्या सकाळी रानात चिरल्या, पातेलं चुलीवर चढायला साडेदहा वाजले आणि पंगत दीडला बसली. भज्जीला गोडी अप्रतिम होती, पण लेकरं अकरापासून ताटकळली होती. ते मला लागलं.

म्हणून ३० डिसेंबर २०२४ ला ठरवलं, या वेळी सगळं तयार आणायचं. आदल्या संध्याकाळी सोललेले दाणे, चिरलेली मेथी-पालक, गाजराचे तुकडे, वांग्याच्या फोडी, सगळं पिशव्यांतून आणलं. सकाळी दाण्यांच्या पिशवीत हात घातला तर आत ऊब लागली. आत्या म्हणाली, "ह्याला वास यायलाय बघ, चिकट झालेत." खरंच होतं. सोललेला दाणाही श्वास घेतोच, आणि तोंड घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत तो उबतो, ओलसर होतो. शिवाय ओल्या वाटाण्यातली साखर तोडणीनंतर हळूहळू पिठूळ होत जाते, उबेत तर फारच लवकर. अर्धा किलो तूर टाकून दिली. उरलेले दाणे धुऊन वापरले, पण ती गोडी आलीच नाही.

त्याहून मोठा घोळ पालेभाजीचा. चिरलेली मेथी धुवायची कशी? माती निघेना, कडा काळ्या पडलेल्या, आणि धुतलेलं पाणी पानांनी धरून ठेवलेलं. भज्जी पातळ झाली, म्हणून बेसन वाढवलं, मग चव बेसनाचीच लागली. गाजराचे तुकडे काही बोराएवढे, काही बोटाएवढे, निम्मे गाळ नि निम्मे कच्चे. वांग्याच्या फोडी काळ्या पडल्या होत्या, पण मला काळेपणाची एवढी फिकीर नाही, शिजल्यावर तो लपतो. फिकीर किडीची आहे. अख्खं वांगं हातात असलं की अळीचं भोक दिसतं, कापताना आतली अळी दिसते. आयत्या फोडींत कोणी काय कापून टाकलंय ते कळत नाही. पंगतीत बसलेल्या माणसाच्या ताटात जाणाऱ्या वस्तूबद्दल मला हे चालणार नाही.

मध्ये गावच्या सप्ताहाच्या भंडाऱ्यात १० किलो कांदा मशीनवर कापून पाहिला. पाच मिनिटांत झाला, पण पात्यांनी तो चेचला गेला. कढईत पडताच पाणी सुटलं, कांदा परतण्याऐवजी वाफेत शिजत राहिला आणि लालसर व्हायला तासाच्या वर गेला. सुरीनं चिरलेला तेवढाच कांदा आधीच्या वर्षी पाऊण तासात झाला होता. चिरण्यात वाचलेला वेळ चुलीनं परत घेतला, वर किंचित कडवटपणाही आला. पात्याची धार गेली असेल तर हे आणखी वाढतं.

आता यंदाचं. आयता फक्त वाटाणा घेतला, तोही त्याच दिवशी पहाटे, समोर सोलून घेतलेला आणि कापडी पिशवीत. तूर आणि हरभरा आदल्या रात्री घरी पाच जणांनी दोन तासांत सोलले. ते परातीत पसरून, वर ओलसर फडकं टाकून उघड्या पडवीत ठेवले, रात्री थंडी होतीच. गाजर रात्रीच एकसारखं चिरून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं. मेथी-पालक निवडून, न धुता, कोरड्या धोतरात गुंडाळले. सकाळी पानं अख्खीच तीन पाण्यांतून काढली, निथळली आणि मग चिरली. वांगी सर्वांत शेवटी, पातेलं उकळत असताना रानातच विळीवर, फोडी थेट मिठाच्या पाण्यात.

पातेल्यात आधी वाल, तूर आणि शेंगदाणे, ते दबायला लागले की हरभरा आणि गाजर, मग वाटाणा, वांगी, शेवटी पाला आणि बेसन. सव्वानऊला चूल पेटली, साडेबाराला पंगत बसली. आत्यानं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

वालाचं मात्र अजून सुटलेलं नाही. दाण्यावरचं जाड साल शिजतच नाही, ताटात सुटं होऊन बाजूला राहतं. पुढच्या खेपेला दाणे कढत पाण्यात दोन मिनिटं घालून, चिमटीत दाबून सालं काढून बघणार आहे. दीड किलोला किती हात आणि किती वेळ लागतो ते वहीत येईलच.